तीन नगांचा हिशोब

नांदेड,
भाद्रपद शुद्ध द्वितीया

प्रिय दिग्या,

फोनवर तू तीनदा विचारलंस, ‘सिगार कशी वाटली?’ आणि तीनही वेळा मी ‘भारी’ म्हणून सुटका करून घेतली. खरं सांगू का, तोवर एकच ओढली होती आणि तीही पार वाया घालवली होती. तुला सांगायची लाज वाटली. काल दुसरी ओढली. आता बोलायला तोंड आहे, म्हणून लिहायलो.

पहिलीचं आधी उरकतो. तू दिलेले तीन नग मी कपाटात, धोतराच्या घडीखाली जपून ठेवले होते. मे महिन्यात एका संध्याकाळी एक काढला. पारा 43 वर. बोटांत धरली तर कडब्यासारखी कुरकुरली. टोपी, म्हणजे तोंडात धरायचं बंद टोक, कापायला आजोबांचा अडकित्ता घेतला. ते सुपारीचं हत्यार. त्यानं टोपी कापली नाही, चेचली. वरचं पान सुटत सुटत लाल पट्टीपर्यंत आलं. मग पेट्रोलच्या लायटरनं पेटवली, उपाशीपोटी ओढली, बिडीसारखी भराभरा. पंधरा मिनिटांत मला दरदरून घाम, डोळ्यांपुढं गच्ची फिरायलेली. हिनं गुळाचा खडा आणि पाणी दिलं. सोबत जे बोलली ते इथं लिहीत नाही.

दोन दिवसांनी डोकं शांत झाल्यावर वाटलं, यात मालाचा काय दोष? पस्तीस वर्षं मोंढ्यात आडतीवर बसलोय मी. सोयाबीन 12 टक्क्यांच्या वर ओली निघाली की शेतकऱ्याशी घासाघीस करणारा मीच, आणि फार वाळली की हाताळताना दाणा फुटतो हेही मलाच ठाऊक. पान तरी वेगळं काय असणार? सिगारीला भोवतालची हवा 65 ते 70 टक्के आर्द्रतेची लागते. आपल्या मे महिन्यात दुपारी त्याच्या निम्मीही नसते. म्हणजे तुझा क्युबाचा माल मी सात महिने उन्हात पसरून ठेवल्यासारखंच झालं.

मग फराळाचा घट्ट झाकणाचा डबा घेतला. बाटलीच्या झाकणात मीठ आणि चमचाभर पाणी कालवून चिखल केला आणि आत ठेवला. बंद डब्यात असा मिठाचा चिखल असला की आतली हवा 75 टक्क्यांवर येऊन थांबते. दुकानातला आर्द्रतामापक त्यात ठेवून पाहिला, काटा बरोबर तिथंच. 75 जरा जास्त, म्हणून दिवसातून एकदा झाकण उघडायचं. घाई मात्र केली नाही. वाळलेलं पान एकदम ओलं केलं की आतली तंबाखू फुगते आणि वरचं पान तडकतं. दोन महिने लागले. पाऊस लागल्यावर मीठ काढूनच टाकलं. जुलैच्या शेवटी दाबून पाहिली तर बोटाखाली दबायची आणि परत वर यायची. म्हटलं, आता जमलं.

पण तोवर श्रावण लागला. ‘श्रावणात घरात नाही,’ हिनं एवढंच सांगितलं. म्हणून पोळा होईपर्यंत थांबलो आणि काल अर्धापूरच्या शेतात, आखाड्यावर, पोटभर जेवून, बाजेवर बसलो. सकाळी सर पडून गेली होती. केळीची पानं अजून ठिबकायली होती. बैलांच्या शिंगांना परवाचा रंग तसाच.

या वेळी नवं ब्लेड आणलं होतं. टोपीचा वरचा चकतीएवढा भाग तेवढा काढला. न पेटवता ओढून पाहिली. तू सांगितलं होतंस, हा कोरडा झुरका सोडू नकोस म्हणून. बरोबर सांगितलंस. ओल्या मातीचा वास आणि मनुक्यासारखी थोडी गोडी. ओढायला किंचित घट्ट वाटली, ही एक तक्रार लिहून ठेव. काडी पेटवल्यावर तिचं गंधक आधी जळू दिलं, मग ज्योत न टेकवता सिगार फिरवत फिरवत तिचं पुढचं टोक भाजलं. सगळीकडं सारखा लाल निखारा आला तेव्हा पहिला झुरका घेतला.

तीन हिश्श्यांतला पहिला तिखट आहे, दिग्या. मिऱ्यासारखा, ओठांवर बसणारा. थोडा धूर नाकातून सोडला तर डोळ्यांत पाणी आलं, येसर भाजताना येतं तसं. चांगला का वाईट, ते ठरवता येईना. राख करड्या रंगाची, घट्ट, बोटाच्या पेराएवढी वाढली तरी पडेना. ती पडू नये म्हणून मी मान हलवेना. गणपत, आपला सालगडी, समोर बसून हे बघत होता. म्हणाला, “मालक, फोटो काढायलेत का तुमचा?”

मग मधला भाग आला. इथं मी तुझं म्हणणं मान्य करतो. तिखटपणा मागं सरला आणि आधी भाजलेल्या शेंगदाण्याची, मग करपायला आलेल्या काकवीची चव आली. आणि एक वास, जो मला पाच मिनिटं ओळखूच येईना. ओळखीचा होता, पण कुठला? बैलानं मान हलवली, घुंगरं वाजली, तेव्हा कळलं. पोळ्याला आणलेल्या घुंगरमाळेच्या नव्या चामडी पट्ट्याचा वास! उठून पट्टा हुंगून आलो. तोच. गणपतला वाटलं, मला परत चढली. ही वीस मिनिटं अशी गेली की मोंढ्यातला फोन दोनदा वाजला आणि मी घेतला नाही. माझ्या आयुष्यात हे होत नाही, तुला माहीत आहे.

हे सगळं नुसत्या पानात येतं कसं, ते वाचलं तेव्हा आपल्याच धंद्यातलं निघालं. ओल्या सोयाबीनची थप्पी आतून तापते, आपण घाबरून ती फोडतो. हे लोक तंबाखूच्या पानांच्या गंजी मुद्दाम तापू देतात. उष्णता ठरावीक पातळीला आली की गंजी उलटतात, परत रचतात. त्यात अमोनिया निघून जातो, उग्रपणा मरतो. गंजीत हात घालून गरमी ओळखणारा त्यांचाही एक अनुभवी माणूस असणार, आपल्या जुन्या हमालासारखा. आणि एकाच झाडाचे तीन माल. वरची पानं ऊन खाऊन जाड, कडक, सावकाश जळणारी. ती मधोमध घालतात. मधली वासासाठी, खालची नीट जळावी म्हणून. वर गुंडाळायचं पान तर कापडाच्या मांडवाखाली वाढवतात, शेडनेटमधल्या मिरचीसारखं.

तुझ्या या पार्तागास सेरी डी नंबर चारची लांबी 124 मिलिमीटर आणि जाडी 50. ही 50 म्हणजे इंचाचे चौसष्ट भाग करून त्यातले पन्नास. इंचाचे चौसष्ट भाग कोण करतं रे? रुपयाचे पैसे चौसष्ट होते तेव्हाचा एखादा मुनीमच बसला असणार तिथं.

हातानं वळलेली म्हटल्यावर मला निजामाबादची आत्या आठवली. तुलाही आठवत असेल, सुट्टीत आपण दोघं गेलो होतो. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि जर्दा, गळ्यात दोऱ्याची गुंडी. पान कातरायचं, चिमूटभर जर्दा, एक वळसा, नखानं टोक दुमडून दोरा. बोलता बोलता हजार बिड्या. मजुरी हजारावरच मिळायची. सिगार वळणारा दिवसाला शंभराच्या आसपास वळतो, आणि क्युबाच्या कारखान्यांत 1865 पासून कामगारांना वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या मोठ्यानं वाचून दाखवणारा माणूस असतो. आधी त्याचा पगार कामगारच आपल्या मजुरीतून द्यायचे. आत्याच्या ओसरीवर कोण वाचणार? तेलुगू बातम्यांचा रेडिओ होता, तोही सेल संपले की गप्प. सिगारीच्या पट्टीवर सोनेरी अक्षरं आहेत. आत्याच्या बोटांना आयुष्यभर तंबाखूचा वास होता, एवढंच.

असो. अमेरिकेचा अध्यक्ष केनेडी, त्याचा किस्सा तू अर्धाच सांगितला होतास. 1962 च्या फेब्रुवारीत त्यानं क्युबाच्या मालावर बंदीची सही केली, पण त्याआधी सचिवाला पिटाळून बाराशे सिगार घरात आणून ठेवले. मोंढ्यात असं कुणी केलं तर त्याला साठेबाज म्हणतात.

शेवटच्या हिश्श्यात ती बिघडली. कडू, गरम, जिभेला चरचरायला लागली. थोडा माझाही दोष, वेळ गेला म्हणून झुरके जवळ जवळ घेतले. दोन बोटं उरली तेव्हा खाली ठेवली, आपली आपण विझली. विझवताना चुरगाळायची नाही, हे तुझं लक्षात होतं. एकूण तासाला पाच-सात मिनिटं कमी. त्याआधी गणपतला एक झुरका दिला होता. नको सांगितलं तरी त्यानं छातीत ओढला आणि खोकून खोकून बेजार झाला. नंतर म्हणाला, “माल बरा हाय मालक, पर एवढ्या येळात पिकाची एक ओळ निंदून झाली असती.”

एक गोष्ट मात्र मागं घे. ‘धूर गिळायचा नसतो, त्यामुळं काही होत नाही,’ असं तू म्हणालास. तोंडाचा आणि घशाचा कर्करोग धूर गिळायची वाट बघत नाही. मोंढ्यात तंबाखू मळून गालात धरणारे दोन हमाल मी दवाखान्यात पोचवलेत. त्यांनी तरी धूर कुठं गिळला होता? वर्षाला एक, तीही तू समोर असताना, एवढंच मी कबूल करतो.

तिसरी डब्यात आहे. पाऊस उघडला की परत मीठ ठेवावं लागेल. पण डबा हिचा आहे आणि दिवाळीच्या शेवेसाठी तिला तो वास घालवून परत हवा आहे. त्यामुळं वसुबारसेच्या आत ये, नाहीतर तिसरीला घर उरणार नाही. येताना सिगार कापायची खरी कातर आण. अडकित्ता पानाच्या डब्यात परत गेलाय.

तुझा,
म्हाद्या