भिजवलेल्या पिठाची धार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. भांडी मोजकी, वेळ त्याहून मोजका आणि सकाळी भूक मात्र सपाटून लागते, हे सगळं कळलं. पीठ आणि अंडी घरात कायम असतात, त्यात होतील असे आठ-दहा नाश्ते लिहून पाठव, असं म्हणतोस. आठ-दहा पाठवणार नाही. पाठवले तर तू ती यादी फ्रीजवर चिकटवशील आणि तिच्याकडे बघत उपाशीपोटी बाहेर पडशील, हे मला पक्कं ठाऊक आहे. त्यापेक्षा एकच गोष्ट शीक: पळीतून पिठाची धार कशी पडते ते बघायला. पीठ, अंडी, दूध, मीठ हे सगळीकडे तेच. पातळ केलं तर एक पदार्थ, घट्ट ठेवलं तर दुसरा, आणि तेच कडकडीत तापलेल्या भांड्यात ओतून ओव्हनमध्ये सारलं तर तिसराच.

कोण काय करतं ते आधी सांगतो, मग माप चुकलं तरी तुझं तुला सावरता येईल. पिठातला स्टार्च गरम झाला की पाणी शोषून फुगतो, त्यानं पदार्थाला अंग येतं. गव्हाच्या पिठात पाणी पडलं की ग्लुटेनही, म्हणजे प्रथिनांचं ताणलं जाणारं जाळं, तयार होतं. ते जितकं ढवळशील तितकं चिवट होत जातं. अंडं हे सगळं बांधून ठेवतं. नुसत्या अंड्याचं पांढरं साधारण ६० अंशांच्या पुढे घट्ट व्हायला लागतं, बलक ६५ ते ७० अंशांच्या दरम्यान. दुधात आणि पिठात मिसळलेलं अंडं आणखी थोडं तापवावं लागतं, पण तव्यावर ते घडतंच. दुधाचं काम दोन प्रकारचं. धार ठरवायची आणि रंग आणायचा, कारण दुधातली साखर आणि प्रथिनं तव्यावर छान तांबूस होतात. दूध नसेल तर पाणी चालतं, मात्र रंग फिका येतो आणि कडा जास्त कुरकुरीत होतात. मला खरं तर अर्धं पाणी, अर्धं दूध आवडतं.

पहिल्यांदा पातळ घिरडी कर. बाहेर त्यांना क्रेप म्हणतात, तू काहीही म्हण. १२५ ग्रॅम मैदा, २ अंडी, ३०० मिलिलिटर दूध, चिमूटभर मीठ, एक मोठा चमचा वितळवलेलं लोणी. मैदा वजनानं घे. वाटीनं घेतलास तर दाबून भरलेली वाटी आणि अलगद भरलेली वाटी यांत चांगला २०-३० ग्रॅमचा फरक पडतो आणि मग तू मला दोष देशील.

गुठळ्यांची भीती घालवायची युक्ती अशी. सगळं दूध एकदम ओतू नकोस. मैद्यात मधोमध खळगा कर, त्यात अंडी फोड आणि थोडंसंच दूध घालून आधी घट्टसर लगदा फेटून घे. लगदा घट्ट असतो तेव्हा गुठळी काट्याला आपटते आणि फुटते. पातळ पिठात ती नुसती पुढे पुढे पळते. लगदा गुळगुळीत झाला की उरलेलं दूध हळूहळू घाल, शेवटी लोणी. आता पळी उचलून बघ. धार न तुटता पडली पाहिजे आणि भांड्यात पडल्यावर लगेच मिसळून जायला हवी, तिचा माग पृष्ठभागावर राहता कामा नये. माग राहत असेल तर दोन चमचे दूध घाल.

मग झाकून अर्धा तास ठेव. तेवढ्या वेळात पीठ नीट मुरतं, ताणलेलं ग्लुटेन सैलावतं आणि फेटताना शिरलेली हवा वर येऊन निघून जाते. न मुरवताही होतात, पण कडा आक्रसतात आणि मध्ये भोकं पडतात. रात्री भिजवून फ्रीजमध्ये ठेवलंस तर सर्वांत सोयीचं. सकाळी पीठ दाट झालेलं असेल, तेव्हा पुन्हा धार बघ आणि लागेल तसं दूध घाल.

तव्याचं मी जरा सविस्तर लिहितो, कारण लोक पिठाला बोल लावतात आणि खोट बहुतेक वेळा आचेत असते. मध्यम आचेवर तवा तीन-चार मिनिटं तापू दे. पाण्याचे दोन थेंब टाक. ते जागच्या जागी चुळबुळत बसले तर तवा थंड आहे. चर्र करून दोन-तीन सेकंदांत उडून गेले तर तवा तयार. आणि थेंबाची गोळी होऊन ती पाऱ्यासारखी तव्यावर घरंगळायला लागली, तर आच कमी कर. त्या वेळी तवा इतका तापलेला असतो की थेंबाखाली वाफेचा पापुद्रा तयार होतो आणि थेंब तव्याला टेकतच नाही. लायडेनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन वैद्यानं १७५६ साली याचं वर्णन लिहून ठेवलं, म्हणून या प्रकाराला त्याचंच नाव आहे. बघायला मजा येते, पण अशा तव्यावर पीठ पसरायच्या आत खालून जळतं.

लोणी ओतायचं नाही, कागदानं किंवा कापडानं पुसून घ्यायचं. जास्त झालं तर पीठ त्यावर घसरतं आणि घिरड्यावर पांढरे-तपकिरी डाग उठतात. पहिलं घिरडं नेहमी बिघडतं असं म्हणतात त्याचं अर्धं कारण हेच: जास्तीचं लोणी पहिलंच घिरडं पिऊन टाकतं. उरलेलं अर्धं कारण म्हणजे न तापलेला तवा. अर्धी पळी पीठ मधोमध ओत, लगेच तवा हातात घेऊन तिरका करत फिरव. पीठ ओतणं आणि तवा फिरवणं यांत थांबायचं नाही. मिनिटभरात वरचा ओलेपणा जाऊन पृष्ठभाग मंद दिसायला लागतो आणि कड तव्यापासून आपोआप सुटते, लेस लावल्यासारखी. ती सुटलेली कड बोटानं उचलून उलट. दुसरी बाजू अर्ध्या मिनिटाच्या वर ठेवू नकोस. ती कधीच सुंदर दिसत नाही, आत दुमडायला ती असतेच.

आत काय घालायचं ते तुझ्यावर सोपवतो. साखर-लिंबू हे माझं आवडतं. चीज किसून घातलंस आणि पुन्हा तव्यावर अर्धा मिनिट ठेवलंस तर पोटभरीचं होतं. तू वजनाबिजनाचं बघतोयस म्हणून सांगतो: दोन अंड्यांत १२-१३ ग्रॅम प्रथिनं, मैद्यात जवळजवळ तितकीच, दुधात १०. एवढं पीठ दोघांना आरामात पुरतं, म्हणजे हा नाश्ता दिसतो तितका पोकळ नाही.

आता जाड पॅनकेक. इथे धार पडता कामा नये, पीठ पळीवरून ओघळत थबकत पडलं पाहिजे आणि वर पडलेला ढीग दोन-तीन सेकंद तसाच दिसायला हवा. १५० ग्रॅम मैदा, १ अंडं, सुमारे २०० मिलिलिटर दूध, दीड छोटा चमचा बेकिंग पावडर, एक मोठा चमचा साखर, मीठ, दोन मोठे चमचे वितळवलेलं लोणी. कोरडं एका भांड्यात, ओलं दुसऱ्यात, मग एकत्र करून जेमतेम ढवळायचं. इथे गुठळ्या राहू देत, खरंच राहू देत. मघाशी गुठळ्या फोडायला सांगितल्या आणि आता ठेवायला सांगतोय, म्हणून गोंधळू नकोस. पातळ घिरड्याला अर्धा तास विश्रांती मिळते, तिथे चिवटपणा निवळतो. इथे लगेच तव्यावर जायचं असतं, जास्त फेटलंस तर खाताना रबर चावल्यासारखं वाटेल. छोट्या गुठळ्या शिजताना विरतात.

बेकिंग पावडर म्हणजे सोडा, त्याला जोडीला कोरडं आम्ल आणि दोघांना ओल लागू नये म्हणून थोडा स्टार्च. ओलं झालं की वायू सुटायला लागतो. हल्लीच्या बहुतेक पावडरींत काही वायू उष्णता लागल्यावर सुटतो, त्यामुळे पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे झाली तरी चालतं, रात्रभर मात्र नाही. ताक किंवा पातळ दही वापरलंस तर त्यातच आम्ल असतं, तेव्हा पावडरीऐवजी नुसता सोडा चालतो: अर्ध्या कप ताकाला पाव छोटा चमचा. त्याहून जास्त घातलास तर साबणासारखी चव येते आणि रंगही मळकट होतो. एक गंमत सांगतो. १८४३ साली आल्फ्रेड बर्ड नावाच्या इंग्रज औषधविक्रेत्यानं यीस्टशिवाय फुगवणारी पावडर बनवली, कारण त्याच्या बायकोला यीस्ट सोसत नव्हतं. तिला अंडीही सोसत नव्हती, म्हणून त्याआधी त्यानं बिनअंड्याची कस्टर्ड पावडर काढली होती. आणि आपण त्याच वंशातली पावडर अंड्यात कालवून खातो!

तव्यावर घातल्यावर पॅनकेकला हात लावू नकोस. वर बुडबुडे येतील, पण नुसते बुडबुडे आले म्हणून उलटू नकोस. बुडबुडा फुटून भोक उघडंच राहिलं, पुन्हा भरलं नाही, आणि कड सुकी दिसली की उलट. उलटल्यावर उलथन्यानं दाबायचा मोह होतो, त्यानं आतली सगळी हवा निघते. लोक असं का करतात ते मला आजवर कळलेलं नाही.

तुझ्याकडे ओव्हन आहे का ते तू लिहिलं नाहीस. असेल तर रविवारी हे कर: ३ अंडी, ७५ ग्रॅम मैदा, १२५ मिलिलिटर दूध, मीठ. अंडी जास्त, पीठ कमी, पावडर अजिबात नाही. पीठ इतकं सैल की पातळ घिरड्याच्या धारेशी स्पर्धा करेल. ओव्हन २२० अंशांवर तापव, त्यातच जाड बुडाचं, मुठीसकट ओव्हनमध्ये चालणारं भांडं तापू दे, त्यात दोन चमचे लोणी टाक, ते फेसाळलं की लगेच पीठ ओत आणि दार लाव. पंधरा-वीस मिनिटं दार उघडायचं नाही. आत फक्त वाफेचा खेळ चालतो: पाण्याची वाफ झाली की ते सुमारे १६०० पट जागा मागतं, अंड्याचं आवरण ताणलं जातं आणि ताणलेलं असतानाच घट्ट होतं. कडा भांड्याच्या वर चढतात, वेड्यावाकड्या, दर वेळी वेगळ्या. अर्ध्यात दार उघडलंस तर आवरण कच्चं असतानाच वाफ निवते आणि सगळं बसतं. बाहेर काढल्यावर थोडं बसणारच, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

घाईच्या दिवशी ऑम्लेट आहेच. दोन अंड्यांना एक छोटा चमचा पीठ, पण थेट अंड्यात नको. आधी दोन चमचे दुधात कालव आणि मग अंडी फोड. टोमॅटो-कांदा घातला की ऑम्लेटला पाणी सुटतं, ते हे चमचाभर पीठ धरून ठेवतं. डब्यात न्यायचं असेल तर याचा फार उपयोग होतो.

मैदा नको, कणीकच आहे असं असेल तरी काही अडत नाही. कणकेतला कोंडा पाणी जास्त पितो आणि सावकाश पितो, म्हणून दूध थोडं वाढव आणि जास्त वेळ मुरू दे, तासभर तरी. तांदळाच्या पिठात ग्लुटेन नसतं, तिथे सगळा भार अंड्यावर येतो. घिरडी लहान घाल आणि उलटताना घाई करू नकोस. तांदळाचं पीठ तळाशी बसतं, दर वेळी पळीनं ढवळून मगच ओत. अर्धी कणीक, अर्धं तांदळाचं पीठ ही माझी नेहमीची जोडी. कडा कुरकुरीत, मधे मऊ.

अंडी जुनी आहेत का ते पाण्यात टाकून बघ. ताजं अंडं तळाशी आडवं पडतं, जुनं उभं राहतं, फार जुनं तरंगतं, कारण कवचाच्या बारीक छिद्रांतून ओल जाते आणि आतली हवेची पोकळी वाढते. उभं राहिलेलं अंडं पिठात खुशाल वापर, तरंगणारं मात्र टाकून दे. प्रत्येक अंडं आधी वाटीत फोड, मगच पिठात घाल. आणि कच्चं पीठ चाखायची तुझी जुनी खोड सोड. अंड्यामुळे तर नकोच, पण कोरडं पीठही भाजलेलं नसतं, त्यातही जंतू असू शकतात. मीठ किती ते पहिल्या घिरड्यावर कळतं.

पातळ पीठ फ्रीजमध्ये एक-दोन दिवस टिकतं. जाड पॅनकेक करूनच ठेवावेत: गार झाल्यावर मधे कागद घालून फ्रीझरमध्ये ठेव, सकाळी थेट टोस्टरमध्ये. थंडपणी आतला मऊपणा थोडा कमी होतो, पण सकाळी घाईत कोण तक्रार करतंय.

पुढच्या पत्रात तीन गोष्टी कळव. तवा कशाचा आहे, बिडाचा की नॉनस्टिक? नॉनस्टिक असेल तर रिकामा तवा कडक आचेवर तापवत ठेवू नकोस, थेंबांचा तो घरंगळण्याचा खेळ त्याच्यावर खेळायचा नाही. स्वयंपाकाचा वजनकाटा आहे का? आणि ओव्हनचं ते कळवच, कारण असेल तर त्याच पिठाचे छोट्या वाट्यांतले फुगे कसे करायचे तेही लिहितो.

घरच्यांना नमस्कार सांग.

तुझा,
जुना मित्र