यामामोतो ‘विकला’ गेला नव्हता

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

टोरोंटोत १ नोव्हेंबर २०२५ ला संपलेल्या वर्ल्ड सीरिजचे, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या अंतिम मालिकेचे वृत्त आपण क्रीडा पानावर ठळकपणे छापले, याबद्दल प्रथम आभार मानते. बेसबॉलला मराठी वृत्तपत्रात चार ओळींहून अधिक जागा क्वचितच मिळते. मात्र त्याच वृत्तासोबतच्या चौकटीत मालिकावीर ठरलेल्या योशिनोबू यामामोतोचे वर्णन ‘लिलावात ३२.५ कोटी डॉलरना विकला गेलेला जपानी खेळाडू’ असे केले आहे, ते खटकले. आकडा बरोबर आहे. ‘लिलाव’ आणि ‘विकला’ हे दोन्ही शब्द चुकीचे आहेत, आणि चूक केवळ शब्दांपुरती असती तर मी हे पत्र लिहायला बसले नसते.

लिलाव म्हटले की आपल्या वाचकाच्या डोळ्यांसमोर आयपीएल उभी राहते. तिथे संघ बोली वाढवत नेतात, ज्याची बोली शेवटची त्या संघाकडे खेळाडूला जावे लागते, आणि पैसे खेळाडूला मिळतात. जपानी खेळाडूंसाठीही एके काळी बोली लागत असे, पण ती बंद लिफाफ्यातली असे आणि रक्कम जात असे खेळाडूच्या जपानी संघाला. खेळाडूच्या हाती त्यातला एक येनही पडत नसे. ती बोलीसुद्धा २०१३ च्या डिसेंबरात मोडीत निघाली. आता घडते ते असे : जपानी संघाने परवानगी दिली की खेळाडूचे नाव मेजर लीग या अमेरिकेतील सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेच्या ३० संघांना कळवले जाते. यालाच ‘पोस्टिंग’ म्हणतात. मग ४५ दिवसांत कोणताही संघ त्याच्याशी बोलणी करू शकतो आणि कुठे जायचे ते खेळाडू ठरवतो. करार झाला की अमेरिकन संघ खेळाडूच्या पैशांना हात न लावता, वेगळी रक्कम जपानी संघाला देतो : कराराच्या पहिल्या अडीच कोटी डॉलरवर २० टक्के, पुढच्या अडीच कोटींवर साडेसतरा आणि त्यावरील रकमेवर १५ टक्के. यामामोतोने २०२३ च्या डिसेंबरात लॉस एंजेलिस डॉजर्सशी १२ वर्षांचा करार केला, तेव्हा या हिशेबाने त्याच्या ओरिक्स संघाला ५ कोटी ६ लाख २५ हजार डॉलर मिळाले. आपल्या चौकटीत या रकमेचा उल्लेखच नाही. माझ्या मते साऱ्या व्यवहारातली खरी बातमी तीच आहे, कारण गेली साठ वर्षे या दोन देशांत भांडण चालू आहे ते खेळाडूच्या किमतीवरून नव्हे, तर ज्यांनी त्याला घडवले त्यांचा त्याच्यावर हक्क किती आणि कधीपर्यंत, यावरून.

भांडणाची सुरुवात एका शिकाऊ मुलापासून झाली. ओसाकाच्या नानकाई हॉक्स संघाने १९६४ साली मासानोरी मुराकामी या तरुण पिचरला, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणाऱ्या खेळाडूला, दोन साथीदारांसह सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे शिकायला पाठवले. चार महिने शिकून परत येईल, अशी कल्पना होती. पोरगा इतका चांगला निघाला की १ सप्टेंबरला जायंट्सने त्याला न्यूयॉर्कमध्ये थेट मेजर लीगच्या सामन्यात उतरवले. करारात १० हजार डॉलर भरून त्याला कायम ठेवून घेण्याचे कलम होते. जायंट्सने पैसे भरले, नानकाईने ‘आम्ही मुलगा विकलेला नाही’ अशी भूमिका घेतली, आणि प्रकरण दोन्ही देशांच्या बेसबॉल आयुक्तांपर्यंत गेले. तडजोड म्हणून तो १९६५ चा हंगाम अमेरिकेत खेळला आणि मायदेशी परतला. त्यानंतर १९६७ मध्ये दोन्ही बाजूंनी एकमेकांचे करार पाळण्याचे कबूल केले. परिणाम असा की पुढची जवळजवळ तीस वर्षे एकही जपानी खेळाडू मेजर लीगमध्ये दिसला नाही.

हे कुलूप १९९५ साली हिदेओ नोमोने उघडले, तेही नियमाच्या फटीतून. पाठ फलंदाजाकडे वळेपर्यंत अंग पिळून चेंडू टाकणाऱ्या या पिचरचे किंतेत्सु बफेलोज संघाशी बिनसले होते. अनेक वर्षांचा करार आणि वाटाघाटीसाठी एजंट या त्याच्या दोन्ही मागण्या संघाने फेटाळल्या. त्याचा एजंट डॉन नोमुरा याने नियमावली चाळून शोधून काढले की ‘स्वेच्छानिवृत्त’ खेळाडूवर संघाचा हक्क राहतो तो जपानपुरता. नोमोने सव्विसाव्या वर्षी निवृत्ती जाहीर केली आणि फेब्रुवारीत डॉजर्सशी करार केला. जपानी वृत्तपत्रांनी त्याला कृतघ्न ठरवले, आणि काही महिन्यांतच तीच वृत्तपत्रे पहिल्या पानावर त्याचे फोटो छापू लागली. संपामुळे १९९४ ची वर्ल्ड सीरिजच रद्द झालेल्या, प्रेक्षक रुसलेल्या अमेरिकेत त्याने पहिल्याच हंगामात २३६ फलंदाज ‘स्ट्राइकआउट’ केले, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केले, आणि सर्वोत्तम नवोदिताचा मान मिळवला. किंतेत्सुला या साऱ्यातून काहीच मिळाले नाही. जाता जाता सांगते, तो संघ २००४ अखेर ओरिक्समध्ये विलीन झाला आणि आज केवळ ‘बफेलोज’ या नावापुरता उरला आहे.

पुढे १९९७ मध्ये लोट्टे या जपानी संघाने हिदेकी इराबू या पिचरचे हक्क परस्पर सॅन दिएगो संघाला देऊन टाकले, तो ‘मी जाईन तर न्यूयॉर्क यांकीजकडेच’ म्हणून अडून बसला आणि अखेर यांकीजकडेच गेला. या दोन्ही प्रकारांनी हात पोळल्यावर १९९८ अखेर बंद लिफाफ्यांची पद्धत आली.

त्या पद्धतीने गेलेला सर्वांत मोठा खेळाडू इचिरो सुझुकी. तेव्हा शिक्षणाच्या निमित्ताने मी कोबेत राहत होते, म्हणून त्याचे जाणे जवळून पाहिले. माझ्या खोलीखाली उदोन नूडल्सचे एक सहा खुर्च्यांचे दुकान होते. फळीवर साकेच्या बाटल्यांच्या मध्ये कोंबलेला छोटा टीव्ही असे. २००१ च्या एप्रिलपासून सिअ‍ॅटलमध्ये रात्री सुरू होणारा सामना आमच्याकडे सकाळी अकराच्या सुमारास दिसू लागला आणि मालक कांदापात चिरता चिरता मान वर करून इचिरोची पाळी बघू लागले. खुंटीला त्यांची ब्लूवेव्हची, म्हणजे इचिरोच्या कोबेतल्या ओरिक्स संघाची जुनी टोपी टांगलेली असे. १९९५ च्या भूकंपानंतर त्या संघाने बाहीवर ‘गांबारोऊ कोबे’, म्हणजे ‘चल कोबे, उभे राहू या’ असे लिहून आपली लीग जिंकली होती, त्या वर्षाची ती टोपी. मी एकदा विचारले की संघाला याच्यासाठी सव्वा कोटी डॉलरहून अधिक मिळाले म्हणतात, ते बरे झाले ना? ते म्हणाले, “त्याने जायलाच हवे होते. संघाला पैसे मिळाले, तेही ठीक. पण रविवारी मी आता ग्रीन स्टेडियमला कुणाला बघायला जाऊ?” इचिरोने पहिल्याच हंगामात २४२ हिट (यशस्वी फटके) मारून सर्वोत्तम खेळाडू आणि सर्वोत्तम नवोदित हे दोन्ही किताब मिळवले आणि २०२५ च्या जुलैत तो अमेरिकेच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये दाखल झाला. १९९६ मध्ये त्याच्यासह विजेतेपद मिळवणाऱ्या ओरिक्सला आपल्या लीगचे पुढचे विजेतेपद मिळायला २०२१ उजाडले. ते मिळवून देणारा पिचर यामामोतो होता. त्याला ओरिक्सने २०१६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेत, चौथ्या फेरीत मियाझाकी प्रांतातल्या एका शाळेतून उचलले होते. तो गेल्यानंतरच्या पहिल्याच हंगामात ओरिक्स सहा संघांत पाचव्या क्रमांकावर घसरले. मोबदला म्हणतात तो कशाचा, हे कळण्यासाठी एवढे पुरेसे आहे.

लिफाफ्यांची पद्धत हास्यास्पद थराला गेली ती २००६ मध्ये. बॉस्टन संघाने दाइसुके मात्सुझाका या पिचरशी नुसते बोलण्याच्या हक्कासाठी सेइबू संघाला ५ कोटी ११ लाख ११ हजार १११ डॉलर आणि ११ सेंट देऊ केले, आणि नंतर खुद्द खेळाडूला सहा वर्षांसाठी जवळजवळ तेवढेच दिले. एकाच संघाशी बोलता येत असल्याने खेळाडूचे हात बांधलेले असत. २०१० मध्ये हिसाशी इवाकुमाचे ओकलंडशी जमले नाही, तेव्हा त्याला मुकाट राकुतेनकडे परतावे लागले. म्हणून २०१३ मध्ये मोबदल्यावर २ कोटींची मर्यादा आणि खेळाडूला निवडीची मोकळीक आली, आणि पुढे वर सांगितलेली टक्केवारी ठरली. इथवर सुधारणाच होत गेली, हे मान्य केले पाहिजे.

माझी तक्रार पुढे आहे. मेजर लीगचे मालक आणि तिथली खेळाडू संघटना यांनी २०१६ च्या आपसातल्या करारात ठरवले की २५ वर्षांखालील किंवा सहा हंगामांहून कमी अनुभवाचा परदेशी व्यावसायिक खेळाडू ‘हौशी’ मानला जाईल आणि त्याला संघाच्या ठरावीक निधीतून फक्त करारबोनस देता येईल. आधी ही वयोमर्यादा २३ होती. त्या टेबलावर जपानचे कुणी नव्हते. अशा खेळाडूच्या जपानी संघाला मिळतात त्या बोनसचे फक्त २५ टक्के. शोहेई ओतानी २०१७ मध्ये तेविसाव्या वर्षी लॉस एंजेलिस एंजल्स संघाकडे गेला, तेव्हा त्याला २३ लाख १५ हजार डॉलरचा बोनस मिळाला. जुना नियम तेवढ्या वर्षापुरता चालू राहिल्याने त्याच्या निप्पॉन हॅम संघाला पूर्ण २ कोटी मिळाले. नव्या नियमाने ५ लाख ७८ हजार ७५० मिळाले असते. शाळेतून थेट अमेरिकेला निघालेल्या मुलाला थांबवून, तू चेंडूही टाक आणि फलंदाजीही कर, असे सांगण्याचे धाडस करणारा हाच तो संघ.

रोकी सासाकीच्या बाबतीत मात्र सवलत नव्हती. एप्रिल २०२२ मध्ये १९ स्ट्राइकआउटसह ‘परफेक्ट गेम’, म्हणजे एकाही फलंदाजाला पहिल्या तळापर्यंतही पोहोचू न देणारा सामना, टाकणारा हा पिचर २०२५ च्या जानेवारीत डॉजर्सकडे ६५ लाखांच्या बोनसवर गेला आणि चिबा लोट्टेला मिळाले १६ लाख २५ हजार. ओरिक्सला यामामोतोसाठी मिळालेली रक्कम याच्या एकतीस पट होती, आणि दोघांच्या जाण्यात अंतर होते अवघ्या एका वर्षाचे. सासाकी आणखी दोन हंगाम थांबला असता, तर त्याला स्वतःलाही कितीतरी पटींनी अधिक मिळाले असते. जपानी समाजमाध्यमांवर त्याला ‘वागामामा’ म्हणून झोडपले गेले. माझ्या विद्यार्थ्यांना मी या शब्दाचा अर्थ ‘आपलेच खरे करणारा’ असा सांगते. मला ही टीका पटत नाही. नवव्या वर्षी त्सुनामीत वडील आणि आजी-आजोबा गमावलेल्या माणसाला ‘दोन वर्षे थांब, मग भरपूर मिळेल’ हा हिशेब पटला नसेल, तर नवल नाही. शिवाय तो स्वतःच्या पैशांवर पाणी सोडून गेला आहे, दुसऱ्याच्या नव्हे. लोट्टेचे नुकसान झाले ते नियमामुळे.

जपानी संघांचीही कड मी घेणार नाही. त्यांच्याकडे खेळाडूला परदेशी जाण्यासाठी पूर्ण मोकळे होण्यास नऊ हंगाम लागतात, आणि त्याआधीचे पोस्टिंग सर्वस्वी संघाच्या मर्जीवर असते. सॉफ्टबँक हॉक्सने कोदाई सेंगाला कधीच परवानगी दिली नाही. नऊ वर्षे भरल्यावर तो २०२२ च्या डिसेंबरात साडेसात कोटींच्या करारावर न्यूयॉर्क मेट्सकडे गेला आणि हॉक्सच्या पदरी एक डॉलरही पडला नाही. जुनइची ताझावा २००८ मध्ये ड्राफ्ट टाळून थेट बॉस्टनला गेला, तेव्हा अशा मुलांना परतल्यावर दोन-तीन वर्षे दारात उभे करायचे नाही, असा नियम संघांनी केला आणि तो थेट २०२० मध्ये मागे घेतला. ज्यांनी दार इतके घट्ट लावून धरले, त्यांच्या मोबदल्याच्या तक्रारीला म्हणूनच बाहेर फारसे कुणी विचारत नाही.

नऊ वर्षांची मुदत जपानने कमी करावी, आणि त्या बदल्यात २५ वर्षांखालच्या खेळाडूसाठी, त्याच्या अमेरिकेतील पहिल्या सहा वर्षांच्या कमाईतला काही हिस्सा मूळ संघाला मिळावा, अशी अदलाबदल दोन्ही बाजूंना परवडण्यासारखी आहे, असे मला वाटते. ती होईल तेव्हा होईल. नोव्हेंबर-डिसेंबर हा पोस्टिंगचा हंगाम असल्याने पुढच्या काही आठवड्यांत आपल्याकडे अशा बातम्या पुन्हा येतील. त्या छापताना ‘लिलाव’ हा शब्द टाळावा आणि खेळाडूच्या रकमेशेजारी त्याच्या जपानी संघाला काय मिळाले तो आकडाही द्यावा, एवढी विनंती आहे.

आपली नम्र,
जपानी भाषेची एक शिक्षिका,
कोथरूड, पुणे