तीन डोस उरले होते

पाटोदा, 6 डिसेंबर

चि. सौ. आशूस,
आईचे अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास तेव्हा भाऊ समोरच बसले होते. काही विचारलं नाही त्यांनी, पण चहा उठून त्यांनीच टाकला. यावरून काय ते समज. "आई म्हणून फोन कर, सिस्टर म्हणून नको," असं म्हणालीस. बरोबर आहे तुझं. म्हणून पत्र लिहितेय. यात तुला मधे बोलता येत नाही, हाही एक फायदाच.

रिपोर्टचं काहीही लिहायचं नाही, असं ठरवून बसले आहे. धनू शनिवारी कारखान्यावर निघालाय, त्याच्याबरोबर शेंगदाण्याचे लाडू देतेय. डिंक घातलेला नाही, त्याला अजून वेळ आहे. सकाळी उठल्या उठल्या रिकाम्या पोटी चहा घेऊ नकोस, आधी कोरडं काहीतरी खा. मला तुझ्या वेळी भाजलेल्या पोह्यांनी बरं वाटायचं. मोठ्या काकू मूठभर भाजून उशाशीच ठेवायच्या. तेवढं मात्र त्यांचं मी कधी विसरले नाही, बाकी काय ते तुला ठाऊक आहेच.

यंदा तुझ्या वर्गात ऊसतोडीच्या टोळ्यांवरची किती पोरं आली गं? आपल्याकडून दसरा झाल्याबरोबर गाड्या भरून गेल्या. निम्मं गाव शिरोळकडेच आहे म्हणतात. म्हणजे ती पोरं आमच्याच यादीतली. कुणाचा गोवर-रुबेलाचा नऊ महिन्यांचा डोस झालेला, तर दीड वर्षाचा राहिलेला. मी कार्ड घेऊन दारात जायचे तर दाराला कुलूप, आणि चुलीसमोर एकटी म्हातारी. "कोयत्याला गेले, उन्हाळ्यात ये." उन्हाळ्यात गेले की पोरगं दुसऱ्याच नातेवाइकाकडे. अशा राहिलेल्या पोरांची वही मी निवृत्त होताना नव्या सिस्टरच्या हातात दिली. पोरांचा यात काही दोष नाही, त्यांना जवळ घेऊ नकोस असंही मी म्हणत नाही. पण आशू, तुझा नववा आठवडा आहे, आणि तुझं रुबेला आयजीजी निगेटिव्ह आहे.

आलंच शेवटी. आता लिहूनच टाकते.

निगेटिव्ह म्हणजे तुला काही झालंय असं नाही. तुझ्या रक्तात रुबेलाशी, म्हणजे त्या जर्मन गोवराशी, लढायची तयारी नाही, एवढाच त्या तपासणीचा अर्थ. पुरळ आलेल्या पोरापासून लांब राहीन असं तू म्हणालीस, पण पुरळ उठायच्या आठवडाभर आधीपासूनच तो पसरतो. कितीतरी पोरांना पुरळ उठतही नाही. थोडा ताप, कानामागे गाठी, की पोरगं पुन्हा खेळायला मोकळं. मग तू कुणाला ओळखणार?

मी किती बाळंतपणं केली त्याचा हिशेब नाही. दर वेळी बाळामागून पडणारी वार ट्रेमध्ये पसरून बघायची, एखादा तुकडा आत राहिला नाही ना म्हणून. आईच्या बाजूने काळजाच्या फोडींसारखी लालकाळी. उलटी केली की बाळाची बाजू निळसर, चकचकीत, आणि नाळेपासून चहूकडे शिरांच्या फांद्या फुटलेल्या. अर्ध्या किलोच्या आसपास भरते, पण नऊ महिने काय काय सांभाळते! आईचं आणि बाळाचं रक्त त्यात एकमेकांत मिसळत नाही. मधे पेशींचा थर असतो, आणि त्याच्या वरच्या पदरातल्या पेशी एकमेकींत विरून सलग झालेल्या असतात, सांधा म्हणून नाहीच. त्यामुळे पुष्कळ रोग आईकडेच अडतात. रुबेला अडत नाही. तो आईच्या रक्तातून वारेत उतरतो, तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तरात शिरतो, आणि ते अस्तर सुटलं की त्याचे कण बाळाच्या रक्तात वाहत जातात. तिथे पेशींची वाढ मंदावते. पहिल्या तीन महिन्यांत डोळे, कान, हृदय घडत असतात, आणि जे घडत असतं तेच अडतं. बारा आठवड्यांच्या आत आईला झाला तर दहातल्या आठ-नऊ बाळांना त्याची झळ लागू शकते. वीस आठवडे उलटले की भीती फार थोडी. म्हणून मी रजा, रजा करतेय. अकरा आठवड्यांचा तर प्रश्न आहे.

बघ, पुन्हा सिस्टर झाले. रागावू नकोस. दोन शिक्षकांची शाळा आहे, एक गेला की चार वर्ग एकाच्या गळ्यात पडतात, हे मला कळतं. तू हट्टाने तिथेच राहिलीस याचा मला अभिमान आहे, भाऊंना तर इतका आहे की ते दुकानात बसून सांगतात. पण अभिमान एका बाजूला.

2018 चा नोव्हेंबर आठवतो का? गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली, आणि तू डीएडच्या सुट्टीत माझ्याबरोबर शाळेवर आलीस, याद्या लिहायला. व्हॅक्सिन कॅरियर तूच उचललास. पोरं रांगेत रडत होती, आणि तू त्यांच्या बोटावर शाईची खूण करताना गोष्टी सांगत होतीस. शेवटची व्हायल मी सव्वाअकराला कालवली. दहा डोसची व्हायल, लेबलवर वेळ लिहिली. सात पोरं झाली. बाकीची आलीच नाहीत. चार तासांनंतर ती वापरायची नसते, सव्वातीनला मी ती बाजूला काढून टाकली. तीन डोस उरले होते, आशू. तू हातभर अंतरावर सतरंजीवर बसून बेरीज करत होतीस.

मोहीम पंधरा वर्षांपर्यंतच्या पोरांची होती, तू बावीसची. नियमाने माझा हात धरला, असं म्हणायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे माझ्या मनातच आलं नाही. तुला नवव्या महिन्यात गोवराची लस मीच टोचली होती, पण तेव्हा सरकारी यादीत रुबेला नव्हतंच. त्यामुळे तुझ्या वयाच्या कितीतरी पोरी मधल्यामधे राहिल्या. बाहेरून विकत घेऊन द्यायची, तर लग्नाआधी तेही सुचलं नाही. मांडवाचा, आचाऱ्याचा, सगळा हिशेब केला मी. आता दिवस असताना ती देता येत नाही, जिवंत लस आहे. बाळंतपणानंतर दवाखान्यातून निघायच्या आधी घे, अंगावर पाजत असलीस तरी चालते. विनायकरावांनी मात्र आजच घ्यायला हरकत नाही, त्यांच्यापासून तुला काही होणार नाही. वर्गात कुणाला पुरळ उठलंच तर वाट बघत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगून रक्त तपासायला द्यायचं, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा द्यायचं.

ट्रेनिंगला आमच्या मॅडम सिडनीच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरची गोष्ट सांगायच्या, नॉर्मन ग्रेग. 1941 साली त्याच्याकडे मोतीबिंदू घेऊनच जन्मलेली बाळं एकामागून एक यायला लागली. दुसरा कुणी वंशातलं म्हणून सोडून देता. त्याने आयांचं बोलणं ऐकलं, त्यांना विचारलं. दुसऱ्या डॉक्टरांचीही धरून 78 बाळं जमली, आणि त्यातल्या बहुतेकांच्या आयांना दिवस असताना हे पुरळ येऊन गेलेलं.

मी हे पाठ करून पास झाले. आणि 1990 च्या फाल्गुनात आक्काला दुसरा महिना असताना अंगावर बारीक पुरळ आलं. तिने मलाच बोलावलं, घरातली शिकलेली म्हणून. मी तिच्या अंथरुणावर लिंबाचा पाला पसरला आणि म्हणाले, "काही नाही, तीन दिवसांत जाईल." तीन दिवसांत गेलंही. पिंकी झाली तेव्हा बाराव्या दिवशी कंदिलाच्या उजेडात तिच्या बुबुळात पांढरं दिसलं, आणि मला सगळं कळलं. आक्काला मी अजून सांगितलेलं नाही. त्या वेळी कळून उपाय काही नव्हता, हे मलाही ठाऊक आहे. तरी "काही नाही" हे शब्द मला परत म्हणता येत नाहीत, तुला तर नाहीच. तू फोनवर तेवढेच ऐकायला थांबलेली असतेस, हेही समजतं मला.

हे लिहिताना पिंकी आत आली, म्हणून कागद पालथा घातला. चष्मा जाड असला तरी वाचते ती. तिचं नाव मी भीती घालायला वापरतेय, हे तिला दिसलं असतं तर मला तोंड दाखवता आलं नसतं. तुझ्या शाळेच्या पहिल्या दिवसाची ती पिवळी साडी तिनेच फॉल-पिकोला घेतली होती, आणि दोरा जुळेना म्हणून बीडला दोन खेपा केल्या होत्या.

आता तिने माझ्या जुन्या दोन पांढऱ्या साड्या मागून नेल्या आहेत, गोधडीला. बोटांनी विचारत होती, मुलगा की मुलगी, काठ कोणता लावू? मी म्हटलं, कुठलाही लाव. तिला ते पटलं नाही. तू तिला फोटोत तुझ्या पडद्यांचा रंग दाखव, तेवढंच तिचं समाधान होईल.

आणि मुख्याध्यापकांशी रजेचं बोललीस का, एवढं एका ओळीत कळव. फोन नको करूस, मेसेज चालेल.

तुझी,
आई