इंटरनेट फोनच्या सदोष जोडणीबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : सांगली व कुपवाड येथे बसवलेल्या इंटरनेट फोन यंत्रणेतील दोष स्वखर्चाने दूर करून देण्याबाबत

महोदय,

आमची बेदाणा आणि हळदीची अडत आहे. गणपती पेठेत ऑफिस, मार्केट यार्डात गाळा आणि कुपवाड एमआयडीसीत कोल्ड स्टोरेज. गेल्या दिवाळीनंतर आपल्या कंपनीने तिन्ही ठिकाणचे जुने लँडलाइन आणि इंटरकॉम काढून इंटरनेटवर चालणारे फोन बसवले. फोन, व्हिडिओ मीटिंग, मेसेज सगळे एकाच यंत्रणेवर येईल, यार्डातला फोन कोणी उचलला नाही तर तो पेठेत वाजेल, असे आपल्या प्रतिनिधींनी सांगितले होते. फोन वाजतात, मीटिंगही लागते. पण बोलणे पोचत नाही, आणि आमचा सगळा धंदा बोलण्यावर आहे.

मार्चमधल्या एका सौद्याचे सांगतो. वाशीचे खरेदीदार फोनवर होते. त्यांनी दर सांगितला, "एकशे पंच्या..." आणि पुढचे ऐकूच आले नाही. पंच्याहत्तर, पंच्याऐंशी की पंच्याण्णव? पुन्हा विचारेपर्यंत पुकारा पुढे गेला होता. ज्याचा माल होता तो शेतकरी समोर उभा होता. वर्षभर बाग सांभाळून आणलेल्या त्याच्या बेदाण्याचा दर अर्ध्या शब्दात अडकला, याचे मला अजून वाईट वाटते.

यावर आपल्या हेल्पलाइनचे उत्तर ठरलेले आहे : नेट स्लो आहे, मोठा प्लॅन घ्या. आपल्या सांगण्यावरून १०० एमबीपीएसचा प्लॅन बदलून ३०० चा घेतला. काडीचाही फरक पडला नाही, आणि पडणारही नव्हता. आपल्या फोनमध्ये जी-७११ कोडेक, म्हणजे आवाजाचा डेटा करणारी पद्धत, लावलेला आहे. त्यात एका कॉलला एका दिशेने ८० ते ९० केबीपीएस लागतात. दहा जण एकाच वेळी बोलले तरी एक एमबीपीएस, म्हणजे हजार केबीपीएस, भरत नाही. हा हिशोब यंत्रणा विकणाऱ्याला माहीत असायलाच हवा.

खरा दोष जोडणीच्या आखणीत आहे. नेटवर्किंगचे काम करणाऱ्या माझ्या पुतण्याने येऊन सगळे तपासले. कुपवाडचे कॅमेरे क्लाउडवर रेकॉर्डिंग चढवू लागले, की पिंग, म्हणजे डेटा जाऊन परत यायला लागणारा वेळ, २५ मिलिसेकंदांवरून ४०० च्या वर जाते, आणि नेमके तेव्हाच आवाज तुटतो. फोनचा आवाज २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांनी, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेटांनी जातो. फाइलचा तुकडा हरवला तर तो पुन्हा मागवता येतो. आवाजाचा तुकडा उशिरा आला की फोन तो टाकूनच देतो, कारण त्याची वेळ टळलेली असते. कारखान्याच्या गेटवर उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगेत रुग्णवाहिका अडकावी तसे आमचे बोलणे कॅमेऱ्यांच्या डेटामागे अडकते. आवाजाच्या पॅकेटवर आपले फोन स्वतःहून ४६ क्रमांकाची अग्रक्रमाची खूण घालतात. पण ती वाचून वाट मोकळी करायला राउटरला कोणी सांगितलेलेच नाही. फोन, कॅमेरे, बिलिंगचे संगणक, हमालांच्या मोबाइलचे वायफाय, सगळे एकाच नेटवर्कवर सोडून दिले आहे. फोनसाठी वेगळा व्हीएलॅन, म्हणजे त्याच केबलींवर आखलेले स्वतंत्र नेटवर्क, करणे ही या कामातली पहिली पायरी. आपण बसवलेल्या स्विचमध्ये, म्हणजे सगळ्या केबली जोडणाऱ्या उपकरणात, ती सोय आहे, कोणी चालू केली नाही एवढेच.

कित्येकदा कॉल लागतो आणि समोरच्याचा आवाज येतो, पण आमचा तिकडे जात नाही. फोन जोडून देणारे संदेश आणि प्रत्यक्ष आवाज वेगवेगळ्या पोर्टांवरून, म्हणजे नेटवर्कमधल्या क्रमांक दिलेल्या वेगळ्या वाटांवरून, जातात. राउटरमधली एसआयपी एएलजी नावाची सोय त्या संदेशांतले पत्ते बदलून घोळ घालते. पुतण्याने ती बंद केल्यावर यार्डातला हा त्रास थांबला. हे काम आपल्या इंजिनिअरने पहिल्या दिवशी करायचे होते.

मला सर्वांत जास्त काळजी कोल्ड स्टोरेजची आहे. तिथे अमोनियावर चालणारी शीतयंत्रणा आहे. वीज गेली की स्विच बंद, आणि त्याच्याकडूनच वीज घेणारे सगळे फोनही बंद. जनरेटर लागल्यावरही फोन पुन्हा नोंदले जाऊन चालू व्हायला काही मिनिटे जातात. जुन्या तांब्याच्या लँडलाइनला एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांवरून ४८ व्होल्ट मिळायचे, त्यामुळे आमच्याकडे अंधार असला तरी फोन चालायचा. तो फोन काढताना स्विचला यूपीएस देणे आपले काम होते. रात्रपाळीला माणसे असतात. गॅस गळला आणि वीजही गेली, तर त्यांनी अग्निशमन दलाला कशावरून कळवायचे? याचे उत्तर आपण लेखी द्यावे.

गणपती पेठेत आपल्या माणसांनी नेटवर्कची उपकरणे ठेवायचा रॅक तळमजल्यावर, गुडघ्याएवढ्या उंचीवर ठोकला. इर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी आहे आणि ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले होते. आमच्या भिंतीवर त्या पुराची खूण आहे, ती दाखवून रॅक माळ्यावर घ्या असे आम्ही सांगितले होते. केबल जास्त लागेल म्हणून ते ऐकले गेले नाही. सांगलीत काम घेणाऱ्याने हे तरी समजून घ्यायला हवे होते. वजनकाट्यावरचा फोन मधूनच बंद पडून चालू होतो, कारण तिथली केबल टेपने मोजली तर १३० मीटर भरते. तांब्याच्या नेटवर्क केबलची मर्यादा १०० मीटर आहे.

आमचे म्हणणे असे. आपण आधी नेटवर्कची आखणी कागदावर करून द्यावी : कोणत्या ठिकाणी एका वेळी किती कॉल होतात, अपलोड किती लागते, कोणते उपकरण कोणत्या व्हीएलॅनवर राहील. मग आवाजाला अग्रक्रम आणि कॅमेऱ्यांच्या अपलोडवर मर्यादा घालावी, तिन्ही ठिकाणच्या स्विचना यूपीएस द्यावा, वजनकाट्यापर्यंत फायबर टाकावी आणि रॅक वर न्यावा. कोल्ड स्टोरेजला वीज आणि नेट दोन्ही गेले तरी चालेल असा एक फोन हवाच. काम झाल्यावर चाचणी सौद्याच्या दिवशी, कॅमेरे चालू ठेवून, आमच्यासमोर घ्यावी. एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, हे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी-११४ शिफारशीत दिलेले आहे. पॅकेट हरवण्याचे प्रमाण एक टक्क्याच्या आत असावे, ही आमची अट. दोन्हींचा अहवाल सहीनिशी द्यावा.

तोपर्यंत उरलेला हप्ता आणि वार्षिक देखभालीचे बिल दिले जाणार नाही. पुतण्याने काढलेल्या नोंदी सोबत जोडल्या आहेत. पुढच्या वेळी विक्री प्रतिनिधीऐवजी नेटवर्कची आखणी करणाऱ्या माणसाला पाठवावे, आणि येण्याची तारीख आठ दिवसांत लेखी कळवावी.

कळावे,

आपला,
भागीदार, बेदाणा व हळद अडत पेढी
गणपती पेठ, सांगली

सोबत : पिंग व कॉल तपासणीच्या नोंदी, वजनकाट्याच्या केबलचे मोजमाप, रॅकचा फोटो