क्यूब पास, पण तुळईतल्या सांध्याचे काय?

संपादक महोदय,

बांधकामाच्या दर्जाची चर्चा निघाली की ती बहुधा सिमेंटच्या ग्रेडवर आणि २८ दिवसांच्या क्यूब चाचणीवर, म्हणजे काँक्रीटचे ठोकळे २८ दिवसांनी दाबून फोडून ताकद मोजण्यावर, येऊन थांबते. काँक्रीट भरण्याचे काम मध्येच थांबल्यामुळे तुळईत राहणारा सांधा, ज्याला साइटवर सगळेच ‘कोल्ड जॉइंट’ म्हणतात, तो या चाचणीत कधीच सापडत नाही. कारण क्यूब मिक्सरमधल्या मालाचा भरलेला असतो आणि तो माल चांगलाच असतो. दोष असतो दोन थरांच्या मध्ये.

माझ्या देखरेखीखालच्या एका कामावर मिक्सर बंद पडला आणि निम्म्या खोलीपर्यंत भरलेली तुळई तीन तास तशीच राहिली. मी पोहोचेपर्यंत वरचा माल सरळ त्यावर ओतून झाला होता. शटरिंग काढल्यावर तुळईच्या बाजूने केसाएवढी काळसर रेघ दिसली. तिथे छिन्नी लावताच वरचा तुकडा त्या रेघेवरच सुटला आणि खाली नखाने खरवडता येईल अशी राखाडी साय, म्हणजे वर तरंगून आलेल्या बारीक सिमेंटचा ठिसूळ थर, निघाली. क्यूब मात्र सगळे पास झाले होते.

असा सांधा दाब बऱ्यापैकी पेलतो, पण ताण आणि कातर (एक भाग दुसऱ्यावरून सरकवणारे बल) पेलण्यात तो कच्चा पडतो. मुळात काँक्रीटची ताण सोसण्याची ताकद दाबाच्या सुमारे एक दशांश असते आणि सायीवर चिकटलेल्या थरात तेवढीही उरत नाही. आडव्या सांध्याचा धोका समजायला दोन फळ्या एकावर एक ठेवून वाकवून पाहाव्यात: त्या एकमेकींवरून घसरतात. सारख्या जाडीच्या दोन फळ्या अजिबात चिकटलेल्या नसतील, तर तेवढ्याच एकसंध फळीच्या तुलनेत ताकद निम्मी आणि वाक चौपट होतो. तुळईतल्या रिंगा, म्हणजे मुख्य सळ्यांभोवतीच्या सळईच्या कड्या, ही घसरण बरीचशी अडवतात, त्यामुळे प्रत्यक्षात गोष्ट इतक्या थराला सहसा जात नाही. मात्र त्याच फटीतून पाणी आत शिरते आणि त्याच रिंगांना गंज चढतो.

काम थांबणारच नाही, असे कोणीही म्हणू शकत नाही. म्हणून थांबायचे कुठे, हे आधी ठरलेले असावे. साध्या टेकूंवरच्या, सारखा भार असलेल्या तुळईत कातर मध्याजवळ सर्वांत कमी असते. तिथे तुळईच्या रुंदीभर फळी उभी लावून सांधा उभा आणि सरळ ठेवावा, माल आपल्या उताराने पसरू देऊ नये. थांबल्यानंतर व्हायब्रेटरची (माल थरथरवून घट्ट बसवणाऱ्या यंत्राची) नळी खालच्या थरात स्वतःच्या वजनाने उतरत असेल आणि काढल्यावर भोक मिटत असेल, तर थर अजून जिवंत आहे, पुढचा माल ओतून दोन्ही थर एकत्र व्हायब्रेट करता येतात. उन्हात ही मुदत फार लवकर संपते. ती संपली असेल, तर काँक्रीट पुरेसे घट्ट झाल्यावर तारेच्या ब्रशने साय काढून खडी उघडी करावी आणि पृष्ठभाग भिजवून, साचलेले पाणी पुसूनच पुढे जावे. घट्ट होऊ लागलेल्या मालात पाणी घालून तो पुन्हा ‘पातळ’ करणे हा तर दुसराच अपराध आहे.

माझी मागणी साधी आहे. क्यूबच्या अहवालासोबत प्रत्येक तुळईचे भरण केव्हा सुरू झाले, कुठे आणि किती वेळ थांबले, याची नोंद सक्तीची करावी आणि शटरिंग काढल्यावर अशी रेघ दिसली तर अभियंत्याने ती पाहून सही केल्याशिवाय त्यावर गिलावा चढवू देऊ नये.

आपला,
एक स्थापत्य अभियंता