दळणवळण मंत्र्यांना एका दळणवाल्याचं खुलं पत्र

माननीय केंद्रीय दळणवळण मंत्री साहेब,

स.न.वि.वि.

माझी पिठाची गिरणी आहे. म्हणजे दळणवळणातलं दळण माझ्याकडे आणि वळण तुमच्याकडे, तेव्हा आपण एकाच खात्यातले असं समजून लिहितोय, राग मानू नका.

गिरणीच्या बरोबर समोर, मधे एक ट्रॅक्टर जाईल एवढाच रस्ता, आमच्या गावचं पोस्ट आहे. पोस्ट म्हणजे एका घराची पुढची खोली, टेबल, लोखंडी पेटी, भिंतीवर लाल डबा आणि मावशी. कागदावर ती ब्रँच पोस्टमास्टर आहे, ग्रामीण डाक सेवक आहे, अजून काय काय आहे, पण गावात शेंबड्या पोरापासून सरपंचापर्यंत सगळे मावशीच म्हणतात, तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी माणसंसुद्धा. नाव मुद्दाम लिहीत नाही कारण तिला विचारलेलं नाही, आणि विचारलं असतं तर नको म्हणाली असती हे मला माहितीये.

साहेब, तुमच्या हिशोबात ही बाई दिवसाला चार तास काम करते. माझं म्हणणं त्या चार तासांबद्दलच आहे, बाकी पत्रात जे काय येईल ते ओघात आलेलं समजा.

मागच्या महिन्यात मी उधारीच्या वहीच्या शेवटच्या पानावर नोंद ठेवली, समोरची कडी सकाळी पहिल्यांदा किती वाजता वाजते आणि रात्री शेवटची किती वाजता. सोमवारी पावणेसातला एक म्हातारबाबा, पैसे आले का विचारायला, मावशी ब्रश तोंडात धरून बाहेर आली. रात्री साडेनऊला मुंबईहून आलेली एक सून, पहाटेच्या एसटीने परत जायचं म्हणून पोरीचं सुकन्याचं पासबुक आत्ताच पाहिजे. मंगळवारी दुपारी पोस्ट बंद करून मावशी जेवायला बसली तर बँकेचं पत्र वाचून दाखवा म्हणून दोघं जण दारात. बुधवारी ती संध्याकाळी वस्तीवर चालत गेली, अंथरुणाला खिळलेल्या एका बाईचा अंगठा घ्यायला. गुरुवारचं लिहिलेलं मलाच वाचता येत नाहीये, पिठाचा हात लागलाय. शुक्रवारी लिहायचं सोडून दिलं, कारण गिरणीवर गर्दी होती आणि खरं तर लिहिण्यासारखं काय उरलं होतं, रोज तेच.

आता ह्यातलं चार तासांत काय बसतं ते तुम्हीच सांगा.

अंगठ्याचंच घ्या. आधारवर बोट लावून पैसे काढायची सोय आली ही चांगलीच गोष्ट झाली, इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक २०१८ ला सुरू झाली आणि आमच्याकडच्या बायकांना पाच-सातशे रुपयांसाठी तालुक्याला जायचं बंद झालं, त्याबद्दल तुमच्या खात्याला मनापासून धन्यवाद. पण ज्या बाईने चाळीस वर्षं खुरपं धरलंय तिच्या बोटावर रेषा राहत नाहीत साहेब. मशीन म्हणतं ही बाई ती नव्हेच. मग मावशी ओलं फडकं घेते, बोट पुसते, जरा चोळते, हे नाही तर ते बोट, उजव्याचं नाही तर डाव्या हाताचं, आणि तोपर्यंत त्या बाईशी तिच्या शेळीबद्दल बोलत राहते म्हणजे ती घाबरून हात आखडून घेत नाही. एका माणसाला वीस मिनिटं. मशीनमध्ये नोंद एकच, व्यवहार एक.

२०२४ ला लाडकी बहीण योजना आली तेव्हा तर विचारू नका. आधारला खातं जोडलंय का, दुसऱ्याच बँकेला जोडलंय का, पैसे नेमके कुठं पडले, सगळ्या बायका मावशीकडे. त्यातल्या निम्म्यांची खाती पोस्टात नव्हतीच, पण बँकेच्या काउंटरला विचारायची भीती वाटते आणि मावशीची वाटत नाही एवढं साधं कारण. त्या गर्दीतले किती व्यवहार तिच्या पोस्टाच्या नावावर लागले असतील? माझ्या अंदाजाने थोडेच.

आता एक गोष्ट सांगतो, ती कुठल्या नियमात बसत नाही म्हणून सांगू का नको असं झालं होतं. गावात एक म्हातारी आहे, पोरगा बाहेर कामाला, दर महिन्याला खात्यात पैसे टाकतो, कधी कधी टाकत नाही. ज्या महिन्यात पैसे आलेले नसतात त्या महिन्यात मावशी मशीनकडे बघते आणि म्हणते, आज नेटवर्क नाही गं, दोन दिवसांनी ये. चार माणसं बसलेली असतात ना खोलीत. म्हातारी बरं म्हणून जाते, आणि मावशी रात्री तिच्या पोराला फोन लावते. हे मला कसं कळलं तर एकदा माझ्याच गिरणीच्या ओट्यावर येऊन तिने फोन लावला होता, तिच्या घरात खरंच नेटवर्क नव्हतं. तेव्हा साहेब, कुणी तक्रार केली की पोस्टाचं नेटवर्क फार जातं, तर त्यातलं थोडं असंही जातं.

गावातल्या प्रत्येक घरात किती पैसा येतो, कुणाचं आरडी मधेच मोडलं, कुणाला कोर्टाची नोटीस आली, हे सगळं तिला माहिती असतं आणि तीस वर्षांत त्यातलं अक्षर बाहेर आलेलं मी ऐकलं नाही. माझ्या गिरणीवर आख्ख्या गावाच्या बातम्या दळल्या जातात, तिच्याकडून एक दाणा कधी पडला नाही.

ती लागली तेव्हा ह्या लोकांना एक्स्ट्रा डिपार्टमेंटल म्हणायचे, ईडी. (आता ईडी म्हणलं की लोक दचकतात, तो भाग वेगळा.) म्हणजे खात्याच्या बाहेरचे. इंग्रजांच्या काळातली पद्धत, गावातला मास्तर नाहीतर दुकानदार धरायचा, त्याचं पोट दुसऱ्या धंद्यावर आहेच असं मानायचं आणि पोस्टाच्या कामाचे वरखर्चाला द्यायचे. नंतर नाव बदलून ग्रामीण डाक सेवक झालं. १९७७ ला सुप्रीम कोर्टाने राजम्मा केसमध्ये सांगितलं की ही माणसं सरकारी नागरी पदावरच आहेत, त्यांना असंतसं काढून टाकता येणार नाही. पण पदावर आहेत म्हणलं तरी पगाराला पगार म्हणायचं नाही, तो भत्ता, आणि भत्ता तासावर. ह्या लोकांचा भत्ता आणि कामाच्या अटी बघायला नेमलेल्या कमलेश चंद्र समितीचा रिपोर्ट आल्यावर २०१८ ला तुमच्या सरकारने सुधारणा केली, चार तासांच्या ब्रँच पोस्टमास्टरला सुरुवात बारा हजार, पाच तासांच्याला साडेचौदा, वर महागाई भत्ता, बायकांना १८० दिवसांची बाळंतपणाची रजा. चांगलं झालं, आधी ह्याहून फार कमी होतं. मार्च २०२४ मध्ये अजून एक योजना आली, १२ वर्षं नोकरी झाली की वर्षाला ४,३२० रुपये जास्त, २४ झाली की ५,५२०, ३६ झाली की ७,२००. मी गिरणीवाला, भागाकार लगेच करतो. मावशीची २४ होऊन गेलीयत, म्हणजे महिन्याला ४६० रुपये. चोवीस वर्षं गावाने जो विश्वास टाकला त्याचे महिन्याला ४६०, दिवसाला पंधरा रुपये पडतात.

आणि पासष्टाव्या वर्षी घरी. खात्यातल्या कारकुनासारखी पेन्शन नाही. जी बाई आयुष्यभर दुसऱ्यांच्या पेन्शनच्या हयातीचे दाखले करून देते, बोट लावून घेते, तुम्ही जिवंत आहात असं सरकारला कळवते, तिची स्वतःची पेन्शन नाही. हे लिहिताना मला हसू आलं, पण चांगलं हसू नाही.

तुमचा अधिकारी म्हणेल, तास कामावरून ठरतात, व्यवहार मोजतो, टपाल मोजतो, वाढलं तर पाच तास होतील. मोजा की, पण मोजताय काय? टार्गेट मात्र पुरतं मोजलं जातं, एवढ्या ग्रामीण विमा पॉलिसी, एवढी खाती, मेळावा घ्या, फोटो टाका. मी स्वतः एक पॉलिसी काढलीय, गरज होती म्हणून नाही, मार्च महिना होता आणि तिचं तोंड बघवत नव्हतं म्हणून.

२०२४ ला खात्याने ग्रामीण डाक सेवकांच्या ४४,२२८ जागा काढल्या, दहावीच्या मार्कांवर. हुशार पोरं-पोरी येतात, मशीन झटझट चालवतात, मला कौतुकच आहे. पण चार तासांच्या भत्त्यावर ती पोरं दुसऱ्या नोकरीचा फॉर्म भरतच बसणार, त्यांचं काय चुकलं. दोन वर्षांत गाव ओळखायला लागतं तोवर ती गेलेली. मावशी गेली की त्या म्हातारीला नेटवर्क नाही असं कोण सांगणार?

म्हणून माझी मागणी एकच आहे. कामाचे तास ठरवणारा एखादा माणूस सहा दिवस माझ्या गिरणीच्या ओट्यावर पाठवा. आधी कळवू नका, मेळाव्याचा बॅनर नको. चहा माझ्याकडून, वही पण माझी. समोरची कडी वाजली की लिहायचं, दार लागलं की लिहायचं, वस्तीवर गेली की मागं चालत जायचं. सहाव्या दिवशी बेरीज करा आणि जी येईल तेवढ्या तासांचे पैसे लावा, चार आली तर चारचे द्या, मी पुन्हा पत्र लिहिणार नाही. आणि पेन्शनचं त्याच बेरजेवर बघा.

आपला,
पोस्टासमोरचा गिरणीवाला

ता.क. हे पत्र तालुक्याला जाऊन टाकणार होतो, मावशीला कळू नये म्हणून. पण मग स्पीड पोस्टचा एक व्यवहार तिच्या हिशोबातून गेला असता, म्हणून इथंच आणलं. पाकिटावर संचार भवन, अशोक रोड, नवी दिल्ली एवढंच लिहिलं होतं. तिने वाचलं, माझ्याकडे एकदा बघितलं, विचारलं काहीच नाही, खाली पेनने ११०००१ घातलं आणि म्हणाली, वजन वाढलंय भाऊ, एवढं काय लिहिलंय. आत्ता रात्रीचे पावणेनऊ झालेत.