रोममधल्या त्या लिफाफ्याबद्दल, सिस्टर, आपले आभार

आदरणीय सिस्टर,

सादर प्रणाम.

आपण आपले नाव सांगितले नाहीत आणि निरोप घेण्याच्या घाईत आम्हीही पुन्हा विचारले नाही. आपण मूळच्या वसईच्या, गेली अनेक वर्षे रोममध्ये वृद्धांच्या सेवेत आहात, एवढेच आम्हांला ठाऊक आहे. त्यामुळे हे पत्र असे उघड लिहिते आहे. वसईकडच्या कोणाच्या तरी वाचनात येऊन ते आपल्यापर्यंत पोहोचेल अशी आशा आहे.

ऑक्टोबरातली ती सकाळ आपल्याला कदाचित आठवतही नसेल. रोमच्या तेर्मिनी रेल्वे स्थानकाबाहेरच्या बस थांब्यावर आम्ही तीन भावंडे पैशांवरून वाद घालत उभी होतो. कलोसियम या प्राचीन रोमन आखाड्याची तिकिटे सोलापूरहून निघण्यापूर्वीच एका मध्यस्थामार्फत घेतली होती, आणि त्याने पाठवलेल्या कागदावर आत प्रवेश मिळत नाही हे आदल्या रात्री कळले होते. ते पैसे बुडाले होते. दिवसाच्या खर्चासाठी तिघांत मिळून 75 युरो उरले होते. धाकटा भाऊ जर्मनीत शिकतो, तो म्हणत होता की पुन्हा तिकिटे काढू. बहीण म्हणत होती की खोलीवर परत जाऊ. आणि मी पाकिटातल्या नोटा तिसऱ्यांदा मोजत होते. वडील गेल्यानंतर आम्ही तिघे एकत्र आलो होतो ते फक्त दिवसकार्यासाठी आणि वर्षश्राद्धासाठी. केवळ एकमेकांच्या सोबतीसाठी काढलेला हा पहिला प्रवास होता आणि तो रस्त्यावरच विस्कटतो आहे हे मला दिसत होते. तेवढ्यात मागून शुद्ध मराठीत प्रश्न आला, "सोलापूरकडचे का तुम्ही?"

त्यानंतरची दहा मिनिटे मला शब्दन् शब्द आठवतात. आपण बाकावर बसलात, पिशवीतून एक जुना लिफाफा काढून त्याच्या पाठीवर पेन्सिलीने लिहू लागलात आणि लिहिता लिहिता प्रत्येक गोष्टीचे कारण सांगत गेलात. इथली बरीच चर्चे दुपारी साडेबाराच्या सुमारास बंद होतात आणि तीन-साडेतीनशिवाय उघडत नाहीत, म्हणून आधी चर्चे आणि मग उघडे आकाश. खांदे व गुडघे झाकलेले असावेत. बसचे तिकीट इंग्रजी "T" अक्षराची पाटी असलेल्या तंबाखूच्या दुकानात मिळते, दीड युरोत शंभर मिनिटे चालते, मात्र बसमध्ये चढताच यंत्रात ते छापून घ्यायचे. कॉफी उभ्यानेच प्यायची, कारण टेबलाशी बसले की तिचाच भाव वाढतो. पाण्याची बाटली विकत घ्यायचीच नाही, कारण शहरभर सुमारे अडीच हजार लोखंडी नळ अखंड वाहत असतात, त्यांना इथले लोक "नाझोने" म्हणजे मोठे नाक म्हणतात, आणि नाकाचे टोक बोटाने दाबले की वरच्या छिद्रातून पाणी थेट तोंडाशी येते. भावाने ही युक्ती दिवसभरात किती वेळा केली याचा हिशेब नाही.

आपले काम सोडून आपण आमच्याबरोबर बसमध्ये चढलात, याचे मोल मला त्या क्षणी नीटसे कळले नव्हते. "पहिले चित्र मी दाखवते, पुढचे तुम्ही पाहाल," असे म्हणून आपण आम्हांला सान लुइजी देई फ्रांचेझी या चर्चमध्ये नेलेत. डावीकडच्या शेवटच्या उपप्रार्थनागृहात काराव्हाज्जो या चित्रकाराची, येशूंचा शिष्य संत मत्तय याच्यावरची तीन चित्रे आहेत आणि ती पाहायला तिकीट लागत नाही, यावर बहिणीचा आधी विश्वासच बसेना. भाऊ दिव्याच्या यंत्रात नाणे टाकायला निघाला तेव्हा आपण त्याचा हात धरलात. "आधी अंधारात बघ, बाळा. डोळे लागू देत." आम्ही दोन-तीन मिनिटे तसेच उभे राहिलो आणि काळोखातून हळूहळू चेहरे वर आले. मग आपण स्वतःच्या पिशवीतले नाणे टाकलेत.

1600 च्या सुमाराचे ते चित्र, येशू मत्तयाला शिष्य होण्यासाठी बोलावतात त्या प्रसंगाचे. जकातीच्या मेजाभोवती पाच माणसे बसलेली आहेत, उजवीकडून प्रभू येशूंनी हात पुढे केला आहे आणि त्या हाताच्या दिशेनेच उजेडाची तिरीप भिंतीवरून उतरते आहे. बोलावले जाते आहे ते नेमके कोणाला, दाढीवाल्या माणसाला की मेजाच्या टोकाशी मान खाली घालून नाणी मोजणाऱ्या तरुणाला, यावर जाणकारांतही मतभेद आहेत, असे आपण सांगितलेत आणि आमची मते विचारलीत. बहिणीने दाढीवाला निवडला, भावाने तो तरुण. मी त्या तरुणाकडे पाहत राहिले. दारात एवढा उजेड आला आहे आणि त्याची बोटे नाण्यांवरून हललेली नाहीत. सकाळपासून मी तेच करत होते. दिवा विझला तरी आमचा वाद चालूच होता, पण तो आता चित्राबद्दल होता, आणि लहानपणी गच्चीवर झोपताना व्हायचा तसा तो मोकळा वाद ऐकून मला भरून आले.

आपण गेल्यावर आम्ही लिफाफ्याच्या क्रमानेच फिरलो. सांत इग्नात्सिओच्या चर्चमध्ये वर घुमट दिसतो, पण तो घुमट नाहीच. घुमट बांधायचा राहिला म्हणून आंद्रेआ पोत्सो याने 1685 मध्ये सपाट कापडावर तो रंगवला. पुढे जाईपर्यंत ते कळत नाही आणि मग एका पावलावर सगळे छत कलते. पँथिऑन या प्राचीन रोमन मंदिरासाठी आम्ही माणशी 5 युरो दिले, कारण आपण त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. 43 मीटर व्यासाचा तो घुमट, जमिनीपासून तेवढीच त्याची उंची आणि माथ्याला मोकळे छिद्र. सुमारे एकोणीसशे वर्षे तो असाच उभा आहे. तिथे आम्ही तासभर काहीही न बोलता बसलो.

दुपारी वजनावर विकला जाणारा पिझ्झा खाल्ला. सोबत "सुप्ली" नावाचे, भात आणि चीज घालून तळलेले गोळे घेतले, जे बहिणीला बटाटेवड्याच्या घराण्यातले वाटले. कापितोलिन टेकडीवर मायकेलँजेलोने आखलेल्या चौकामागे गेलो की संपूर्ण रोमन फोरम, म्हणजे प्राचीन रोमचा मुख्य चौक, खाली पसरलेला दिसतो आणि त्यालाही पैसे पडत नाहीत. आपण लिहिल्याप्रमाणे कलोसियम आम्ही मेट्रो स्थानकावरच्या उंच रस्त्यावरून पाहिले. आत जाता आले नाही याचे दुःख थोडे उरले, ते मी लपवत नाही. पण तीन वाजता जवळच्या सान पिएत्रो इन व्हिंकोली या चर्चचे दार उघडले, आणि मायकेलँजेलोने घडवलेला मोशेचा पुतळा, मागे घेतलेला पाय आणि दाढीत गुंतलेली बोटे असा, आमच्यापासून काही पावलांवर बसलेला होता.

लिफाफ्यावरची शेवटची ओळ होती, "सांता साबिना. लाकडी दार. घाई करू नका." आव्हेन्तिन टेकडीवरच्या या चर्चच्या पाचव्या शतकातल्या दारावर कोरलेला, क्रुसावर खिळलेल्या येशूचा देखावा हा त्या विषयाच्या सर्वांत जुन्या ज्ञात शिल्पांपैकी एक आहे. तो इतका लहान आणि साधा आहे की आपण लिहिले नसते तर आम्ही समोरून निघून गेलो असतो. शेजारच्या संत्र्यांच्या बागेत कठड्यावर बसून पाव, चीज आणि टोमॅटो खाल्ले. दूर संत पीटरचा घुमट दिसत होता. सूर्य मावळला तेव्हा भावाने, वडील गेल्यापासून प्रथमच, वडिलांबद्दल आपणहून बोलायला सुरुवात केली. बाग बंद करायला माणूस येईपर्यंत आम्ही बोलत होतो.

त्या दिवसाचा एकूण खर्च 61 युरो झाला.

बसमध्ये आपण सांगितले होते की वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया यांना 1862 मध्ये याच रोममध्ये संतपद मिळाले, आणि कधी वसईला गेलात तर किल्ल्यातले त्यांचे चर्च पाहा. जानेवारीत भाऊ सुटीवर आला तेव्हा आम्ही तिघे गेलो. किल्ल्यात शिरल्यावर आम्ही त्या चर्चच्या दर्शनी कमानीसमोर बराच वेळ उभे राहिलो. आपला लिफाफा माझ्या पर्समध्ये होता. आपल्या गावची खूण म्हणून चर्चजवळच्या झाडाचे एक पान मी त्यात ठेवले आहे. पत्ता कळला की ते आपल्याला पाठवीन, लिफाफा मात्र माझ्याजवळच राहू द्यावा, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
सोलापूरच्या तीन भावंडांतली थोरली